बाईंची भैरवी



१९९७ च्या स्नेहसंमेलनाची कॅसेट आठवते? २००५ साली मी ती श्रीरामपूरच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली, कॅसेट परत दिली आणि निर्धास्त झाले.

गेल्या दिवाळीत तो कॉम्प्युटर सुरूच होईना. आतली हार्ड डिस्क जुन्या ४० पिनांची. माझ्या लॅपटॉपला ती लागणार कुठे? शेवटी ती बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरने जोडली. तासाभराचं ध्वनिमुद्रण, 'वेव्ह' फाईलींत सुमारे ६०० एमबी. मूळ फाईली तशाच ठेवल्या आणि मोबाईलसाठी एमपी३ केल्या. त्या दहापट लहान झाल्या.

नावं मात्र 'ट्रॅक १', 'ट्रॅक २'. कोण गातंय, मलाच ओळखेना. ग्रुपवर टाकल्या आणि तासाभरात तुम्ही सगळे आवाज ओळखलेत. आता प्रत्येक फाईलवर गाणाऱ्याचं नाव आहे.

एक फाईल काही केल्या उघडली नाही. शेवटची, संगीताच्या बाईंनी स्वतः गायलेली भैरवी. डिस्कचा नेमका तेवढाच भाग खराब. वीस वर्षं मी लोकांना 'बॅकअप घ्या' सांगते आणि घरी एकच प्रत ठेवली. बाई आज आपल्यात नाहीत.

ती कॅसेट कुणाला परत दिली, ते मला आठवत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असेल तर शोधा. वाजवून बघू नका, तशीच माझ्याकडे आणा. आणि बाकीची गाणी आजच आपापल्या घरी न्या. प्रत एकाच घरी राहिली की काय होतं, ते मी पाहिलंय.