उच्चदाब वीजवाहिनीखालची शेती आणि वस्ती
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



शेतावरून मनोऱ्यांची वीजवाहिनी गेली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. दव पडल्यावर तारा चरचरतात, त्याने पीक बिघडते का? आणि वाहिनीजवळ राहिल्याने कर्करोग होतो का?

चरचर ही तारेभोवतीच्या हवेत होणाऱ्या सूक्ष्म विद्युत विसर्गाची असते. तिची धास्ती नको. गहू, हरभरा, सोयाबीन, भाजीपाला अशी बुटकी पिके वाहिनीखाली घेता येतात. नारळ, निलगिरी, बांबू मात्र लावू नयेत.

दुसऱ्या प्रश्नाबाबत, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली विजेच्या चुंबकीय क्षेत्राचा समावेश ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात केला. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी क्षीण संबंध दिसला. कारण म्हणून ते सिद्ध झालेले नाही. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते. म्हणून भीतीपोटी जवळची वस्ती मोडू नका. पण नवे घर किंवा गोठा वाहिनीच्या पट्ट्याबाहेरच बांधा. २२० केव्ही वाहिनीचा पट्टा साधारण ३५ मीटर रुंद असतो.

खरा धोका वेगळाच आहे. नियमानुसार २२० केव्हीची तार जमिनीपासून किमान ७ मीटर उंच असावी लागते. तुषार सिंचनाचा पाइप ६ मीटरचा. बांधावर उभे राहून तो खांद्यावरून उभा केला, की टोक थेट तारेशी जाते. एवढ्या दाबाची वीज स्पर्शाची वाट पाहत नाही. ती हवेतून झेप घेते. म्हणून पाइप दोघांनी आडवाच न्यावा. वाहिनीखाली ट्रॉलीवर चढून कडबा रचू नये. उसाचे पाचट पेटवू नये. ज्वाळा व धुरातून वीज उतरू शकते. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवल्यास जमिनीचाही फायदा होतो. द्राक्षमांडवाच्या तारांना व लोखंडी कुंपणाला जाणकाराकडून अर्थिंग करून घ्यावे.

तार तुटून पडल्यास भोवतालच्या जमिनीत वीज पसरते. धावू नका. पाय जुळवून, जमिनीवर घासत, लहान पावलांनी दूर व्हा. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्याला धोका अधिक. तरीही वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला सोडवायला जाऊ नका. बैल पुन्हा घेता येतो, घरचा माणूस नाही.

आज घरी गेल्यावर एवढे आपल्या मुलांना आणि गड्यांना जरूर सांगा. पाइप उचलणारे हात बहुधा त्यांचेच असतात.