दारूचा त्रास आणि फोनची मदत
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



गटाचा हप्ता थकला की आपण कारण विचारतो. "अडचण होती," एवढंच उत्तर येतं. कितीदा तरी ती अडचण म्हणजे घरातली दारू असते. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

दारूचं व्यसन हा आजार आहे. "बायको नीट वागली असती तर प्यायला नसता," हे बोलणं साफ खोटं. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथं व्यसनी माणसांच्या बायकांसाठीही 'सहचरी' नावाचा गट चालतो. कारण त्रास दोघांनाही असतो.

पण मंठा-परतूरहून पुणं लांब. मजुरी बुडते, चारचौघांत लाज वाटते. म्हणून आधी फोन करा. १४४४६ हा सरकारचा नशामुक्तीचा नंबर. १४४१६ म्हणजे टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. रात्री-बेरात्रीही लागतं, मराठीत बोलता येतं. दोन्हीकडं पैसे लागत नाहीत. अंबड-घनसावंगीच्या ताई ऊसतोडीला गेल्या, तरी फडातून फोन करता येतो.

तो फोन करायला तयार नसेल तर? तुम्ही करा. किती वर्षांपासून पितो, रोज किती, सकाळी हात थरथरतात का, घरात मारहाण होते का, ते सांगा. त्याच्याशी कधी आणि कसं बोलायचं, जवळ उपचार कुठं आहेत, ते विचारा. तुम्हाला झोप लागत नाही, हेही सांगा.

आता दोन गोष्टी नीट ऐका.

एक, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका. माळ घालू दे, शपथ घेऊ दे, पण आधी डॉक्टरांना दाखवा. एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भलतंसलतं दिसू शकतं, जीवही जाऊ शकतो. असं झालं तर फोनवर सल्ला घेत बसू नका. १०८ बोलवा, दवाखाना गाठा.

दोन, चहात, भाजीत गुपचूप पावडर किंवा गोळी घालू नका. दारू सोडवायच्या काही औषधांवर माणूस प्यायला, तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध त्याला माहीत असूनच द्यायचं.

मारहाण होत असेल तर ११२ किंवा १८१ लावा. आधी तुम्ही आणि लेकरं सुखरूप राहा.

एका फोननं दारू सुटत नाही. सुटते, परत सुरू होते, परत फोन करावा लागतो. म्हणून प्रत्येक ग्रामसंघानं हे नंबर आजच रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहावेत. कुणाला एकटीनं फोन करायची भीती वाटली, तर सीआरपी ताईंनी शेजारी बसावं. मात्र "कुणाचा नवरा पितो?" असं बैठकीत विचारू नका, आणि ऐकलेलं गावात नेऊ नका. बाई बोलली आणि तेच पारावर ऐकू आलं, तर ती परत तोंड उघडणार नाही.