बदलीवर आलेला नायक



मी युनियनचा माणूस; सिनेमावर काय बोलणार, असे तुमच्या मनात आले असेल. पण ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ या १९३८ सालच्या अमेरिकन चित्रपटात रॉय रॉजर्स हा नायक पडद्यावर आला, तो एका संपामुळे!

गाणारा गुराखी ही तिकडची मोठी लाडकी वस्तू. जीन ऑट्री हा रेल्वेत तारमास्तरकी केलेला गृहस्थ. रिपब्लिक कंपनीने १९३५ साली त्याला ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’मध्ये नायक केले आणि घोडा, गिटार व गाणे यांची गट्टी जमली. (खाणकामगारांची माता म्हणून गाजलेल्या मदर जोन्स यांच्या मृत्यूवरचे गाणे याच ऑट्रीने १९३१ साली ध्वनिमुद्रित केले होते.) पडद्यावरचा हा गुराखी पगार कोणाकडून घेतो, हे सहसा कुणी विचारत नाही. खरा गुराखी मात्र रोजगारी गडी होता. १८८३ साली टेक्ससच्या गुराख्यांनी महिना ५० डॉलर मागून संप केला. मालकांनी दुसरी माणसे घेतली. संप मोडला.

ऑट्रीचे गाऱ्हाणे निराळे नव्हते. त्याचे चित्रपट हवे असतील, तर थिएटरवाल्याने कंपनीचे पडेल चित्रपटही गठ्ठ्याने घ्यावेत, असा व्यवहार होता. त्याच्या नावावर माल खपे, मोबदला त्या मानाने मिळेना. १९३८ साली तो कामावर गेलाच नाही. त्याच्यासाठी योजलेला चित्रपट कंपनीने लेनर्ड स्लाय या तरुण गवयाला दिला आणि त्याचे नाव ठेवले रॉय रॉजर्स. गिरणीच्या भाषेत, बदली! मी त्याला दोष देत नाही. बापाबरोबर जोड्यांच्या कारखान्यात राबलेला पोर तो. दार उघडल्यावर आत शिरणारच.

गंमत पुढेच आहे. या चित्रपटाची कथा दुष्काळाची. धुळीने रान उजाड झालेले, गुरांना पाणी नाही, पाणी कंपनीच्या ताब्यात. नायक निवडून येतो आणि पाण्याची फिर्याद वॉशिंग्टनला नेतो. त्यातल्या धुळीच्या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. म्हणजे पडद्यावर कंपनीविरुद्ध रयतेचा कैवार, आणि पडद्यामागे कामगाराला वठणीवर आणण्याची युक्ती.

ऑट्री त्याच वर्षी वाढीव मोबदल्यावर परत आला. एकट्याचा संप जिंकला, कारण नाव खपत होते. १८८३ च्या गुराख्यांना तसे नाव नव्हते. रॉजर्सही टिकला. गठ्ठ्याची विक्री मात्र चालूच राहिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली १९४८ साली, पॅरामाउंट खटल्यात. आणि तो खटला नटांनी नव्हे, सरकारने चालवला होता.