कावळा, फांदी आणि लस

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलाय. जिममध्ये, गरब्यात किंवा क्रिकेट खेळताना एखादा तरुण अचानक कोसळतो. सीसीटीव्हीची क्लिप फिरते, संध्याकाळपर्यंत ती आपल्या फॅमिली ग्रुपवर येते आणि खाली एकच ओळ असते: ‘लसीचा परिणाम!’ मग तुम्ही मला विचारता, हे खरं आहे का?

प्रश्न अजिबात मूर्खपणाचा नाही. पंचविशीतला धडधाकट पोरगा जातो तेव्हा घरच्यांना कारण हवं असतं. डॉक्टर म्हणतात, ‘नक्की सांगता येत नाही.’ व्हॉट्सॲप म्हणतं, ‘आम्हाला माहितीये.’ मग माणूस कुणाचं ऐकणार?

पण जरा हिशोब करू. भारतात कोविड लसीचे 220 कोटींहून जास्त डोस दिले गेले. बहुतेक प्रौढांनी लस घेतली, आणि त्यातही बहुतेकांनी पुण्यात बनलेली कोविशील्ड. म्हणजे आज कुठलाही तरुण कुठल्याही कारणाने गेला, तरी त्याने लस घेतलेली असण्याचीच शक्यता जास्त. त्याने आयुष्यात चहाही प्यायलेला असणारच, पण चहावर आपण आळ घेत नाही. आपल्याकडे म्हणतातच ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. फांदी कावळ्यामुळेच तुटली का, हे शोधायचं तर ज्या फांद्यांवर कावळा बसलाच नाही, त्यांचं काय झालं तेही बघावं लागतं.

नेमकं हेच आयसीएमआरने केलं. देशभरातल्या 47 मोठ्या रुग्णालयांमधून 18 ते 45 वयोगटातले असे 729 मृत्यू घेतले, जिथे वरवर निरोगी माणूस अचानक गेला होता. त्यांच्याशी तुलना करायला त्यांच्याच शेजारपाजारचे, त्याच वयाचे आणि लिंगाचे 2,916 जिवंत लोक घेतले. दोन्हीकडे सारखेच प्रश्न विचारले. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले. लसीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी दिसला. मग जास्त कुठे दिसला? कोविडमुळे रुग्णालयात भरती झालेल्यांमध्ये, घरात आधी कुणाचा असा अचानक मृत्यू झालेल्यांमध्ये, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये, आणि शेवटच्या दोन दिवसांत भरपूर दारू, नशेचे पदार्थ किंवा अतिश्रमाचा व्यायाम झालेल्यांमध्ये. असा अभ्यास एकेका मृत्यूचं कारण सांगत नाही, हे लक्षात ठेवा. पण ‘सगळीकडे लसच मारतेय’ असं असतं, तर ते या तुलनेत दिसलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ‘ताई, पण कंपनीने कोर्टात कबूल केलं होतं ना?’ हो. 2024 मध्ये ॲस्ट्राझेनेकाची ती बातमी आली होती आणि ती खोटी नव्हती. या लसीमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात आणि सोबत प्लेटलेट कमी होतात. याला टीटीएस म्हणतात. ब्रिटनमध्ये याचं प्रमाण साधारण लाखात एक-दोन होतं, बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर. काही लोकांचे त्यात जीव गेले. त्यांच्या घरच्यांसाठी ‘लाखात एक’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही, आणि त्यांना उत्तर आणि भरपाई मिळायलाच हवी.

पण दोन गोष्टी बघा. एक, हे काही 2024 मध्ये उघड झालेलं गुपित नव्हतं. युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल 2021 मध्येच ते जाहीर केलं होतं. दोन, टीटीएस लस घेतल्यानंतरच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतो. तीन वर्षांनी ट्रेडमिलवर येणारा हार्ट ॲटॅक हा वेगळा आजार आहे. अर्धी खरी बातमी दुसऱ्याच घटनेला चिकटवली की अफवा तयार होते, आणि ती निव्वळ थापेपेक्षा जास्त टिकते.

मला काळजी वाटते ती पुढची. ‘लस वाईट’ हे एकदा मनात बसलं की ते कोविडपुरतं थांबत नाही. उद्या तुमच्या ताईच्या नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायची वेळ येते आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘राहू दे.’ 2022 मध्ये मुंबईत, गोवंडीसारख्या भागांत, गोवर पसरला आणि लहान मुलं दगावली. लागण झालेल्या अनेक मुलांनी लस घेतलेली नव्हती. दुसरं नुकसान तुमचं स्वतःचं. सगळं लसीवर ढकललं की काका चाळिशीत गेले होते हे आपण डॉक्टरांना सांगतच नाही. छातीत दुखलं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पितो.

मग ग्रुपवर काय करायचं? काकांना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका, ते आणखी चार क्लिप टाकतील. फोन करा. विचारा, ‘काका, हा मुलगा कोण, कुठला? लस कधी घेतली होती? डॉक्टर काय म्हणाले?’ बहुतेक क्लिपमध्ये यातलं काहीच नसतं. हे त्यांचं त्यांना दिसू द्या. आणि लसीनंतर खरंच कुणाला त्रास झाला, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात लगेच कळवा. तिथे अशा प्रत्येक तक्रारीची नोंद व्हायला हवी, तपास तिथूनच सुरू होतो. फॉरवर्डची नोंद कुठेच होत नाही.

आणि एक काम आजच करा. घरी विचारा, आपल्याकडे कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का. उत्तर ‘हो’ असेल, तर पुढच्या महिन्याची जिमची फी भरण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटून या. चला, पुढच्या भागात बोलूच.