पाठभेद आणि दोषशोध

त्र्यंबकेश्वरीं यात्रेकरू उतरला कीं तीर्थोपाध्याय त्याचें गांव व आडनांव विचारून जुनी वही काढतात. आजोबा केव्हां आले, बरोबर कोण होतें, हें तींत सांपडतें. नवी नोंद जुनीच्या खालीं होते. मागची कोणी खोडीत नाहीं. म्हणूनच दोन भावांच्या सांगण्यांत फरक पडला, तर तो कोठें पडला हें मागें जाऊन पाहतां येतें.

संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्यांनाहि अशीच वही लागते. कारण एकच आज्ञावली अनेक माणसें निरनिराळ्या गांवीं बसून एकाच वेळीं सुधारीत असतात. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेली ‘गिट’ ही व्यवस्था त्या कामीं येते. कोणीं, केव्हां, काय व कशासाठीं बदललें, हें तींत टिकून राहतें.

समजा, एका धर्मशाळेच्या हिशेबाच्या आज्ञावलींत खोलीचें भाडें चाळीस रुपये लिहिलें आहे. एकानें तें पन्नास केलें. दुसऱ्यानें त्याच ओळींत वृद्धांना निम्मी सूट घातली. दोघांचें काम एकत्र करूं जातां यंत्र थांबतें आणि दोन्ही पाठ एकाखालीं एक मांडतें. कोणता खरा, हें तें ठरवीत नाहीं. उतावळा मनुष्य येथें आपला पाठ ठेवून दुसऱ्याचा पुसतो. मग एक तर भाडें जुनेंच राहतें, किंवा वृद्धाकडून पुरे पैसे घेतले जातात. योग्य उत्तर या दोहोंपैकीं एकहि नाहीं: भाडें पन्नास, आणि वृद्धांना त्याचें निम्में. ही तिसरी ओळ लिहावयाची, तर दोघांनीं बदल कां केला, हें आधीं विचारलें पाहिजे.

दोष शोधण्याची रीत नदीवरून कळेल. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशिकाकडे वाहते. उगमाशीं पाणी निर्मळ आणि रामकुंडीं गढूळ असलें, तर शहाणा मनुष्य पावलोपावलीं तपासत बसत नाहीं. तो मध्यावर जातो. तेथें निर्मळ असेल तर दोष खालच्या अर्ध्यांत, गढूळ असेल तर वरच्या अर्ध्यांत. त्याचप्रमाणें निर्दोष आवृत्तीनंतर आजच्या सदोष आवृत्तीपर्यंत १०२४ बदल झाले असले, तरी अर्धें अर्धें करीत दहा तपासण्यांत दोष घालणारा बदल हातीं लागतो. मात्र प्रत्येक बदल लहान व वेगळा नोंदलेला हवा. शंभर दुरुस्त्या एकाच नोंदींत कोंबल्या, तर नोंद सांपडूनहि दोष सांपडत नाहीं.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. ज्यांची समाधि त्र्यंबकेश्वरीं आहे त्या निवृत्तिनाथांचे शिष्य ज्ञानेश्वर यांनीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली. नकलांगणिक पाठ बिघडत गेले, तेव्हां शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ग्रंथ शुद्ध केला. उपकार मोठा; परंतु कोठें काय बदललें, याची वेगळी नोंद राहिली नाहीं. पुढें वि. का. राजवाडे यांनीं १९०९ सालीं एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. मूळ अक्षर कोणतें, याचा वाद मिटविण्यास मग नोंदीचा आधार उरला नव्हता.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. वि. सी. सुखटणकर यांनीं १९२५ पासून १९४३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तिचें संपादन वाहिलें. काम १९६६ मध्यें पुरें झालें. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें धुंडाळलीं गेलीं. स्वीकारलेला पाठ वर, बाकीचे पाठ तळटीपेंत. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें, ही लोकांची आवडती कथादेखील मूळ संहितेंत न ठरल्यामुळें परिशिष्टांत गेली. ती गाळली, पण फेकली नाहीं. संपादकांचा निर्णय उद्यां कोणास चुकला असें वाटलें, तर पुरावा त्याच ग्रंथांत हजर आहे.

चूक कोणाच्या हातून होणार नाहीं, असें कोणी म्हणूं शकत नाहीं. मात्र जुनी ओळ न खोडतां खालीं नवी लिहिणें, आणि ती कां लिहिली हें सांगणें, प्रत्येकाच्या हातीं आहे. एवढें केलें, तर आपली चूक मागून येणाऱ्याला सुधारतां येते.