रूळ, यंत्र आणि माणूस



आपल्या गावाला रेल्वेचे स्टेशन नाही. गाडी धरायची तर हातकणंगले गाठावे लागते. तरी मी आज रुळांविषयी बोलणार आहे. माझे वडील गँगमन होते आणि मी यंत्रमागाच्या कामगारांत वावरलो. शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो, ते वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत.

मिरज-कोल्हापूर हा मार्ग 1891 सालचा. पूर्वी तो मीटर गेज होता, 1971 मध्ये ब्रॉड गेज झाला. रूळ एकदा टाकला की काम संपले, असे आपल्याला वाटते. पण प्रत्येक गाडीच्या भाराने खडी सरकते, झिजते, तिची माती होते. मग पाणी निचरत नाही आणि स्लीपर खचतो. वडिलांच्या वेळी चार माणसे एका स्लीपरभोवती उभी राहून, एका तालात बीटरचे घाव घालीत त्याखाली खडी ठासत. घरी आल्यावर त्यांना ताटावर हात नीट वळत नसे.

आज हे काम टॅम्पिंग यंत्र करते. ते रूळ उचलते, सरळ करते, आणि त्याचे पोलादी दात सेकंदाला सुमारे 35 वेळा थरथरत खडी स्लीपरखाली दाबतात. दुसरे यंत्र स्लीपरखालची सगळी खडी उपसून चाळते, माती बाजूला टाकते आणि चांगली खडी परत भरते. काँक्रीटचा एक स्लीपर पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. तो माणसांच्या खांद्यावर का द्यावा? या यंत्रांचे मी मनापासून स्वागत करतो.

पण एक हिशेब राहतो. आता रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात. एक किलोमीटर रूळ मोकळा असता, तर 30 अंश उष्णतेने तो सुमारे 34 सेंटीमीटर वाढला असता. बांधलेला असल्यामुळे तो वाढत नाही. तो ताण आतच दडून राहतो. खडी सैल असेल तर उन्हाळ्यात रूळ वाकतो, थंडीत तुटतो. अल्ट्रासॉनिक यंत्र रुळाच्या पोटातील चीर शोधते खरे. पण रोज चावी-हातोडा घेऊन मैलोगणती चालणारा कीमन अजून लागतोच.

त्याचे रक्षण कोण करतो? डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने 2012 साली सांगितले की, 2007-08 पासून ऑक्टोबर 2011 पर्यंत सुमारे 1600 रेल्वे कर्मचारी कामावर मृत्यू पावले. खडी ठासायला कोट्यवधींचे यंत्र येते, तर गाडी जवळ आल्याची सूचना देणारे लहानसे यंत्र प्रत्येक टोळीच्या हाती का असू नये?

आपल्या गावात विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग आणला. त्याने गावाला भाकरी दिली. मागावरच्या माणसाच्या कानांचा आणि छातीचा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला. रुळावर तरी तसे होऊ नये. यंत्र विकत घेण्याच्या कागदावरच ते चालवणाऱ्याच्या आणि त्याच्या आसपास राबणाऱ्याच्या सुरक्षिततेचा खर्च लिहिला जावा, एवढीच माझी मागणी आहे.

हातकणंगल्याहून निघालेली गाडी वाटेत मंदावली, तर चिडू नका. खिडकीतून पाहा, रुळाच्या कडेला कोणीतरी पहार टेकून उभा असेल.