पडताळणीआधीच हद्दपारी

या घोडबंदरपासून जवळच, मीरा रोडला, पोटासाठी आलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला जून २०२५ मध्ये पोलिसांनी परकीय असल्याच्या संशयावरून पकडले. गावाहून कागदपत्रे आली; तरीही त्याला बांगलादेशात लोटण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने हालचाल केल्यावर तो परतला.

आपण परके नाही, हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने संशयितावरच टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला. आधारपत्र दाखवावे, तर ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे २०१६ चा आधार कायदाच सांगतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या मजुराने मग दाखवावे तरी काय?

मे २०२५ मध्ये केंद्रानेच मूळ राज्याकडून पडताळणी करून घेण्यास ३० दिवसांची मुदत ठरविली. ही मुदत म्हणजे मेहरबानी नव्हे. राज्यघटनेचे २१ वे कलम केवळ नागरिकाचे नव्हे, प्रत्येक व्यक्तीचे रक्षण करते. म्हणून चौकशी पुरी होईपर्यंत कोणालाही सरहद्दीकडे नेता कामा नये, हा आपला आग्रह असला पाहिजे. कार्यकर्त्यांनी मजूर नाक्यांवर जावे, कागदांच्या प्रती जपाव्यात, आणि कोणी पकडला गेल्यास त्याच दिवशी वकिलासह ठाणे गाठावे. उद्या उशीर झालेला असेल.